शहाण्णव बदाम

रूबेन नवगावकर यांनी मला फसवलं. खांदेश्वरच्या सोसायटी हॉलमध्ये, भर दुपारी, स्वतःच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या जेवणात. त्यांनी मला माणसं कमी दाखवली, आणि सत्तावीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते त्या दिवशी घडलं. माझ्या हातचं अन्न कमी पडलं. मीही त्यांना एका बाबतीत फसवलं होतं, ते पुढे सांगतो. पण माझी फसवणूक लहान होती.

मी केटरर. माणहून आलो तेव्हा बेलापूरला एका सरकारी इमारतीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचो. आज माझ्याकडे दोन टेम्पो आहेत, अठरा माणसं आहेत आणि मंदा आहे. मंदा म्हणजे माझी बायको. स्वैपाक तिचा, भांडण माझं, अशी आमची वाटणी आहे.

लोकांना वाटतं केटररचं कसब चवीत असतं. चव महिनाभरात कुणालाही शिकवता येते. खरं कसब आकड्यात. यजमान जो आकडा सांगतो तो कधीच खरा नसतो. लग्नघरचा बाप पाचशे सांगतो तेव्हा आठशे येतात, कारण त्यानं आपले पाहुणे मोजलेले असतात, बायकोचे नसतात. सोसायटीचा सेक्रेटरी दोनशे सांगतो आणि सव्वाशे येतात, कारण अर्ध्या लोकांचं त्याच्याशी पटत नसतं. मग आम्ही काय करतो? आम्ही माणसं बघत नाही, ताटं बघतो. पन्नास-पन्नासची चळत लावायची आणि चळत कशी उतरते त्यावर डोळा ठेवायचा. दाराबाहेरच्या चपला बघायच्या. सांगितलेल्या आकड्यावर पंधरा टक्के चढवायचे आणि तांदूळ, डाळ, बटाटे जास्तीचे सोबत न्यायचे.

द्रोणागिरीकडच्या एका गावात हळदीचं जेवण होतं. मी पाटलांना विचारलं, किती पानं धरू? पाटील खाटेवर बसले होते. म्हणाले, "मानसं कं मोजाची? आख्खा गाव हाय. तू भात टाक." मी म्हटलं, गावात माणसं किती? ते म्हणाले, "ते सरकारला इचार." मी शाळेच्या पटावरून पोरं काढली, त्यावरून घरं काढली, होड्या मोजल्या आणि भात टाकला. शेवटी दोन घमेली उरली. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे सांगतोच आहे. पण एवढ्यासाठी की, ज्याला होड्यांवरून माणसं काढता येतात त्याला फसवणं सोपं नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात यावं.

तर रूबेनकाका. ते त्याच बेलापूरच्या इमारतीत आकडेवारीच्या विभागात होते. कुठल्या तालुक्यात किती घरं, किती माणसं, किती विहिरी, हे आयुष्यभर त्यांनी रकान्यांत भरलं. माझ्या धंद्यातली पहिली ऑर्डर त्यांच्याच निवृत्तीच्या जेवणाची. त्यांनी चिठ्ठी दिली, त्रेचाळीस. त्रेचाळीसच आले. मी घाबरून पुन्हा मोजले होते. असा आकडा सांगणारा माणूस मला नंतर भेटला नाही.

काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. रायगडच्या किनाऱ्याला हे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. घरात मराठी बोलतात, माझ्यापेक्षा शुद्ध. बरेचसे इस्रायलला गेले, काही राहिले. काकांचा मुलगा तिकडेच असतो.

वाढदिवसाच्या दोन महिने आधी काकांनी मला घरी बोलावलं. त्यांची धाकटी बहीण राहेलआत्या चहा घेऊन आल्या, दुधाशिवाय. काका म्हणाले, "जगदाळे, पंच्याऐंशी पूर्ण होतायत. मलिदा करायचाय. नंतर जेवण." मलिदा म्हणजे त्यांचं आभाराचं ताट. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, सुका मेवा, वर फळं, आणि त्यासमोर प्रार्थना. तो घरच्या बायका करणार होत्या. जेवण माझ्याकडे. त्यांच्या धर्माच्या नियमानं भांडी नवी हवीत, दूध-दही आवारात नको, कोळंबी नको, मासा खवल्याचा हवा. रवसाचं कालवण नारळाच्या रसातलं, आणि गव्हाच्या चिकाचा हलवा. सगळं मान्य केलं. मग मी वही काढली.

"किती पानं?"

"असतील."

"असतील म्हणजे किती, काका?"

"जगदाळे, आमच्यात माणसं मोजत नाहीत."

मला हसू आलं. "तुमची सगळी नोकरी कशात गेली?"

"ती सरकारची माणसं होती. ही आमची."

राहेलआत्या म्हणाल्या, "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आम्हाला. तेसुद्धा एक-दोन-तीन करून मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ आहे, एकेकावर एकेक शब्द म्हणायचा. ओळ पुरी झाली की माणसं पुरी."

"मग मला तीनशे शब्दांची ओळ सांगा," मी म्हटलं.

काकांनी मला समजावलं. बायबलचा जो जुना भाग आहे, तो यांचा ग्रंथ. त्यात अब्राहाम नावाचा म्हातारा आहे. त्याला मूलबाळ नाही. देव त्याला रात्री बाहेर नेतो आणि म्हणतो, वर बघ, तारे मोजता येतात का बघ, तुझी संतती तेवढी होईल. पुढे म्हणतो, समुद्राकाठच्या वाळूइतकी.

"एकही मूल नसताना?"

"एकही."

"माल हातात नसताना एवढी मोठी ऑर्डर घेतली म्हणायची."

काका हसले नाहीत. म्हणाले, "घेतली आणि पुरी केली. म्हणून मोजायचं नाही. पुढे दावीद राजानं मोजायला काढलं. त्याचा सेनापती नको म्हणत होता, तरी मोजलं. देशात मरी आली. वचन देणाऱ्याच्या मागे उभं राहून मोजदाद करायची म्हणजे त्याच्यावर संशय घेणं झालं."

आता मी सरळ सांगतो. मला देवाशी भांडायचं नव्हतं, मला तांदळाचा अंदाज हवा होता. मी जरा आवाज चढवला. म्हटलं, काका, मोजायची भीती नेहमी कमी भरणाऱ्याला असते.

काकांनी चष्मा काढला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तसंच आहे ते. फार थोडे राहिलोय आता. लहानपणी सणाला आमची आळी भरून जायची. आता दहाव्या माणसाची वाट बघत बसतो. मुलगा म्हणतो, इकडे या, तिथे तुमचं कोण आहे? मी त्याला सांगितलंय, वाढदिवसाला कोण येतंय ते बघतो आणि मग ठरवतो."

राहेलआत्यांनी बशी उचलली आणि आत गेल्या.

हे ऐकून मी घरी गेलो आणि मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा जातोय वाटतं." मी म्हटलं, जात नाही, मी त्याला मोजायला लावतो. मंदाच्या ओळखीच्या एक नर्सबाई आहेत, ख्रिस्ती. त्यांच्याकडून मराठी बायबल आणलं. मला जे हवं ते एका संध्याकाळीच सापडलं. मोशे आपल्या लोकांना घेऊन वाळवंटात हिंडतोय, खायला नाही, आणि आकाशातून मान्ना म्हणून खायचा दाणा पडतो. रोज सकाळी ताजा. आणि हुकूम काय? ज्याच्या तंबूत जेवढी माणसं, त्यानं दरडोई एक माप घ्यायचं. लोभानं उरवून ठेवलं त्याच्या मान्नात सकाळी अळ्या. मी मंदाला वाचून दाखवलं. तिला फार आवडलं. "हा खरा केटरर," ती म्हणाली. "ताजं, मोजून, आणि शिळं ठेवायचं नाही."

पुढे एक अख्खं प्रकरणच सापडलं, त्याचं नावच गणना. मला बिल वाचायची सवय आहे, म्हणून मी बोट खाली नेत गेलो आणि शेवटची बेरीज वाचली. सहा लाखांच्या वर. वरचा मजकूर वाचला नाही. ही माझी चूक, मी ती मान्य करतो. फक्त ती आधी सांगितली म्हणून कुणी तिला मोठी समजू नये.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. म्हटलं, "दावीदचं सांगितलंत, मोशेचं लपवलंत. तुमच्या देवानं स्वतः मोजायला सांगितलंय. सहा लाख मोजली, मरी आली नाही."

काकांचे डोळे चमकले. म्हणाले, "वाचलंत?"

"पानन् पान."

ही ती माझी फसवणूक.

काका खूश झाले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांच्याशी या विषयावर भांडायला कुणी आलंच नव्हतं. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. दावीदनं स्वतःच्या मनानं मोजलं, मोशेला देवानं सांगून मोजायला लावलं. तो फरक आहे. आणि मोजणं म्हणजे वचन खोटं पाडणं नव्हे. अब्राहामाचे वंशज मिसरात, म्हणजे इजिप्तला, गेले तेव्हा सत्तर जीव होते. बाहेर पडले तेव्हा लाखो. ती मोजणी म्हणजे वचन कुठवर आलंय त्याची पावती."

"मग द्या पावती."

"पण तिथेही डोकी मोजायची नाहीत असा मार्ग दिलाय. माणशी अर्धं नाणं टाकायचं. श्रीमंतानं जास्त नाही, गरिबानं कमी नाही. नाणी मोजायची."

"म्हणजे मी ताटं मोजतो तसं."

काकांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर तसंच," ते म्हणाले. त्या क्षणी मला वाटलं, सौदा जिंकला.

ठरलं असं. ज्यांना निमंत्रण आहे त्यांनी एका कापडी पिशवीत माणशी एक बदाम टाकायचा. पिशवी पनवेलहून पेणपर्यंत फिरेल, ठाण्यालाही जाईल. बाहेरगावचे फोनवर सांगतील, त्यांचे बदाम राहेलआत्या टाकतील. शेवटी बदाम मी मोजायचे. काकांनी हात पुढे केला. "पुस्तकात मोजलंय तसंच मोजतो. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं आणि हात दाबला.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी पिशवी आली. मी आणि मंदानं टेबलावर ओतली. शहाण्णव बदाम. मी दोनदा मोजले. मंदा म्हणाली, "एवढेच?" मला काकांचा खिडकीकडे बघणारा चेहरा आठवला. आणि मग मी जे केलं ते धंद्यात कधी करू नये. नेहमीचे पंधरा टक्के चढवले नाहीत. जास्तीचे तांदूळ टेम्पोत टाकू दिले नाहीत. कारण जेवणानंतर पातेली भरलेली राहिली, तर त्या म्हाताऱ्याला दिसलं असतं की आलं कोण आणि नाही कोण. मला पातेली रिकामी दाखवायची होती. शंभर पानांचा स्वैपाक केला आणि हलवा थोडा जास्त.

गिऱ्हाइकाची कीव करू नये. कीव केली की आकडा चुकतो.

रविवारी अकराला आम्ही हॉलवर होतो. साडेअकराला माणसं यायला लागली. आधी बायका आल्या, नऊवारी, पाचवारी, गजरे. मग पोरं. मग पोरांच्या पोरी. मी दाराशी चपलांवर नजर ठेवून होतो. बारा वाजता चपला जिन्यावर गेल्या. सव्वाबाराला खालच्या मजल्यावर.

मंदा कढईपाशी उभी होती. तिनं झारा खाली ठेवला. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या बदामांना बायका आहेत."

मी आत गेलो. प्रार्थना संपत होती. मलिद्याचं ताट मध्ये, काका पांढऱ्या टोपीत, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं. तीनशेच्या खाली नाहीत, हे मला मोजावं लागलं नाही. प्रार्थना संपेपर्यंत मी थांबलो, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवावं. मग गेलो.

"काका, बदाम शहाण्णव होते."

"हो."

"मग हे बाकीचे कोण?"

"बायकामुलं," काका शांतपणे म्हणाले. "गणनेत वीस वर्षांवरचे पुरुषच धरतात. लढाईला जाण्याजोगे. तुम्ही वाचलंत ना?"

मी न वाचलेला वरचा मजकूर तो हाच.

"मी काटेकोर केलंय," काका म्हणाले. "तो आमचा बेंजामिन, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लढाईला जाऊ शकणार नाही. त्याचा बदाम मी काढून घेतला."

बेंजामिन खुर्चीवर बसला होता. त्यानं मला हात केला.

आता माझा राग. मी रागीट आहे हे पनवेलमध्ये सर्वांना माहीत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "काका, ती मोजणी लढाईची. मी इथे लढाई लावायला आलोय का? खायला घालायची वेळ आली तेव्हा तुमच्या देवानं तंबूतलं पोर न् पोर धरलं. दरडोई माप दिलं. त्याला कळतं, भूक कुणाला असते. तुम्हाला कळत नाही?"

काका हळूच म्हणाले, "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

इथे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. म्हणालो, "आणि थोडे राहिलोय म्हणून माझ्यासमोर रडलात. कीव यावी म्हणून." हे मी त्यांच्या नातवंडांसमोर बोललो. परदेशातून आलेल्या एका पणतीला मराठी येत नव्हतं, पण आवाज तिला कळला. ती काकांच्या मागे गेली. या एका वाक्याबद्दल मला वाईट वाटतं. बाकीच्याबद्दल नाही.

राहेलआत्यांनी मला बाजूला सारलं. "जगदाळे, भांडण उद्या करा. नारळ किती आहेत?"

"वीस."

"तांदूळ?"

"घाला आता शिव्या."

त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. पदर खोचला आणि हाक मारली. दहा-बारा बायका भरजरी साड्यांत माझ्या स्वैपाकघरात शिरल्या. मंदा स्वैपाकघरात कुणाला पाऊल टाकू देत नाही, मलाही नाही. त्या दिवशी तिनं स्वतःहून खोवणी पुढे केली. सोसायटीतल्या आठ घरांनी तांदूळ दिले. मी खाली दुकानात धावलो, मिळाली ती डाळ आणि केळ्यांचे पाच लोंगर आणले. पहिल्या पंगतीला सगळं मिळालं. दुसऱ्या पंगतीला रवस नव्हता, भात, आमटी आणि हलवा मिळाला. तिसरी पंगत मध्यावर आली आणि भाताचं पातेलं खरवडल्याचा आवाज आला. तो आवाज केटररला झोपेतही ओळखू येतो. सत्तावीस वर्षांत मी तो माझ्या पातेल्यातून ऐकला नव्हता.

तीस माणसं राहिली. बहुतेक पोरं, आणि शेवटच्या पाटावर काका, कारण यजमान शेवटी जेवतो. त्यांच्या पानात मूठभर मलिदा आणि एक केळं वाढलं. मी स्वतः वाढलं, दुसऱ्याला वाढायला लावलं नाही.

काकांनी मलिदा खाल्ला. बोटं पुसली. "पोट भरलं," म्हणाले.

"खोटं बोलताय."

"हो," काका म्हणाले. मग पोरांकडे बघितलं. पोरं केळ्यांसाठी भांडत होती. एकानं दुसऱ्याचं केळं पळवलं होतं आणि पणती मराठी न येता मराठीत शिव्या शिकत होती. काका बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा मनातल्या मनात मोजतोय. विचारलं, तर म्हणाले, "छे."

मी निर्धास्त झालो. अन्न कमी पडलं, नाव गेलं, पण म्हातारा तरी राहिला, असं मी मंदाला घरी आल्यावर सांगितलं. मंदा म्हणाली, "तुमचा अंदाज दोनदा चुकतो एकाच दिवशी." तिचं तोंड कडू आहे.

गणपतीच्या सुमाराला काका स्वतः माझ्या गाळ्यावर आले. मुलानं तिकीट काढलंय, म्हणाले, दिवाळी झाली की निघायचं. राहेलआत्याही बरोबर.

"तुम्ही म्हणाला होता, माणसं बघून ठरवीन."

"बघितली. ती आली आणि गेली, जगदाळे. पुढच्याच शनिवारी मी पुन्हा दहाव्या माणसाची वाट बघत होतो. इथे कुणी राहिलं नाही."

एव्हाना मी ते प्रकरण खरंच वाचलं होतं, वरच्या मजकुरासकट. म्हणून म्हटलं, "काका, वाळवंटात मोजणी दोनदा झाली. पहिल्या वेळी मोजलेले चाळीस वर्षांत सगळे वारले, दोघं सोडून. तरी दुसऱ्या वेळी बेरीज जवळपास तेवढीच भरली. माणसं गेली, आकडा गेला नाही."

"ती त्यांची पोरं होती."

"मग तुमची कुठे गेली होती? माझ्या स्वैपाकघराच्या दाराशीच होती ना?"

काका उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, सामान बांधतोय. राहेलआत्या म्हणाल्या, त्यांना विचारा. मी दोघांनाही सोडणार नाही.

म्हणून हे छापायला दिलं. रूबेनकाका, हा दिवाळी अंक तुम्ही निघण्याआधी तुमच्या हातात पडेल, मी स्वतः आणून देईन. चष्मा लावून वाचा. मोजा म्हणत नाही, मोजू नका. एवढंच सांगा. इथे कुणीच राहिलं नाही म्हणता, तर त्या दुपारी माझं अन्न कमी पडलं ते कुणाला? नाव मोडलं माझं. जाब मला हवा आहे. तो द्या आणि मग खुशाल विमानात बसा.